न विरघळलेल्या समुद्रकाकड्या

१

वास आधी आला, बातमी मागाहून. सोमवारी सकाळी सफाईवालीने तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेचं कुलूप काढलं, दोन पावलं आत टाकली आणि उलट्या पावली जिन्यात येऊन बसली. सकाळी घेतलेला घोटभर चहासुद्धा तिच्या पोटात राहिला नाही. तिच्यामागून जे कोणी वर गेले ते सगळे नाक दाबून खाली आले आणि जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले.

कोपऱ्यातल्या मोठ्या फ्रीजरचं दार चार बोटं उघडं होतं. उणे ऐंशी अंशांवर चालणारं ते कपाट कधीतरी धापा टाकून बंद पडलं होतं. आतल्या चौसष्ट पिशव्यांमधून करडा, तारा सुटणारा चिकट पाझर खाली उतरला होता आणि टेबलांच्या पायांपर्यंत पसरला होता. शुक्रवारपर्यंत त्या पिशव्यांमध्ये दगडासारख्या गोठलेल्या समुद्रकाकड्या होत्या.

समुद्रकाकडी ही काकडी नव्हे. समुद्राच्या तळाशी वाळू गिळत पडून राहणारं वीतभर लांबीचं, बिनडोक्याचं, लिबलिबीत जनावर. हातात धरलं की भीतीने स्वतःची आतडी बाहेर टाकतं. मेल्यावर पाण्याबाहेर राहिलं तर आपल्याच पाचकरसांनी विरघळत जातं आणि शेवटी शेंबडासारखा लगदा उरतो. अशा या जनावरात रक्ताची गुठळी विरघळवणारं एक प्रथिन सापडलं, असं या प्रयोगशाळेने तीन वर्षांपूर्वी जाहीर केलं होतं. टाळ्या पडल्या होत्या, फोटो छापून आले होते.

येत्या गुरुवारी दुसऱ्या संस्थेतले चार शास्त्रज्ञ येणार होते. फ्रीजरमधल्या हव्या त्या दहा पिशव्या ते स्वतः उचलणार, स्वतः दळणार आणि पहिल्यापासून प्रथिन वेगळं करून बघणार होते. आता उचलायला काही उरलं नव्हतं.

फ्रीजरची किल्ली कार्यालयातल्या खिळ्याला असे आणि ती घेताना वहीत सही करावी लागे. शेवटची सही शुक्रवारची होती. पाच वाजता नेली, सव्वापाचला परत. सही होती प्रयोगशाळेतल्या सगळ्यांत लहान संशोधक मुलीची. दहा वाजेपर्यंत सगळ्या इमारतीला गुन्हेगार सापडला होता, आणि अकरा वाजता संचालकांनी बाईंना फोन केला.

२

बाई म्हणजे याच प्रयोगशाळेच्या जुन्या प्रमुख. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण इमारतीत त्यांना अजून बाईच म्हणत. त्यांची दोन गोष्टींसाठी ख्याती होती. एक म्हणजे त्यांचं नाक. बाटलीचं बूच काढल्याबरोबर आतलं द्रावण कालचं की आजचं, ते त्या सांगत. दुसरी म्हणजे त्यांची किळस. तीस वर्षं गोगलगायी, स्पंज आणि किडे चिरूनही त्यांची किळस गेली नव्हती. किळस येते म्हणून माणूस नीट बघतो, असं त्या म्हणत आणि तोंडाला फडकं न बांधता काम करत.

संचालकांनी थोडक्यात सांगितलं. निष्काळजीपणाचा अहवाल गेला की मुलीचं नाव पटावरून कमी होईल, पदवीसाठीचं सहा वर्षांचं काम पाण्यात जाईल. अहवाल गुरुवारी दुपारी पाहुण्यांसमोर ठेवायचा आहे. तो कोणाच्या तरी बाहेरच्या डोळ्यांनी झालेला बरा.

बाई वर गेल्या तेव्हा चौघं दाराबाहेर उभे होते. विद्यमान प्रमुख, ज्यांना सगळे सर म्हणत, इस्त्रीच्या शर्टात होते आणि चेहऱ्यावर सुतक होतं. त्यांच्या हाताखालचे दोन संशोधक. गेल्या अनेक वर्षांत या दोघांना एकाच घरातल्या भावंडांसारखी नावं पडली होती, थोरला आणि धाकटी. थोरला भिंतीला टेकून खिशात हात घालून उभा होता. धाकटी, वहीत जिची सही होती ती, रडून रडून सुजली होती. चौथे काका, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेले प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ. त्यांना बाईंनीच तीस वर्षांपूर्वी नोकरीला घेतलं होतं आणि शीशी कशी धुवायची इथपासून शिकवलं होतं. काकांनी बाईंना बघून हात जोडले. मग धाकटीच्या हातात चहाचा कप दिला आणि तिला म्हणाले, गार होतोय, घे.

धाकटीचं म्हणणं साधं होतं. ती एक नळी काढायला आली, काढली, दार लावलं. या दाराची कडी सैल होती म्हणून ते गुडघ्याने दाबून लावावं लागे, आणि तिने ते दाबलं होतं. तिने गुडघ्यावरचा निळसर डागसुद्धा दाखवला. तो जुनाच होता, रोज दाबून पडलेला.

सरांनी बाईंना आपल्या खोलीत नेलं आणि त्या प्रथिनाचं छायाचित्र समोर ठेवलं. जनावराच्या अर्कातली सगळी प्रथिनं एका पातळ थरातून विजेच्या जोरावर पळवतात, ती वजनाप्रमाणे वेगवेगळ्या जागी थांबतात आणि रेघा उमटतात. पहिल्या वर्षाच्या चित्रात पन्नास-साठ रेघांची गिचमिड होती. नंतरच्या चित्रात एकच रेघ होती, काळीभोर आणि रेखीव.

"दाखवण्यासारखी शुद्धता आहे," सर म्हणाले. "पोरीने मेहनत केली हो. म्हणूनच वाईट वाटतं."

बाईंना वाईट वाटलं नाही, त्यांना मळमळलं. इतक्या घाणेरड्या जनावरातून इतकी सोज्वळ रेघ त्यांनी उभ्या हयातीत पाहिली नव्हती. प्रथिनाच्या घटकांचा क्रम काढायला बाहेर पाठवलं होतं का, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, पाठवलंय, अजून काही आलं नाही, त्या लोकांचं काम म्हणजे बैलगाडी.

३

दुपारी बाईंनी थोरल्याला गाठलं. वर वास होता म्हणून ते दोघं तळमजल्यावरच्या सायकलींच्या छपराखाली बसले.

थोरल्याबद्दल बाईंच्या कानावर बरंच आलं होतं. वर्षापूर्वी तो या कामातून बाहेर पडला आणि दुसऱ्याच विषयाला लागला. सरांशी त्याचं वाजलं होतं. शनिवारी सुट्टी असून तो इमारतीत आला होता, हे पहारेकऱ्याने सांगितलं होतं. सगळ्यांनी धाकटीकडे बोट दाखवलं नसतं, तर याच्याकडे दाखवलं असतं.

त्याने काहीच लपवलं नाही. शनिवारी तो सरांच्या खोलीपर्यंत आला होता, भांडायला. सर भेटले नाहीत म्हणून परत गेला. मुद्दा एवढाच होता की गेल्या वर्षी त्याने स्वतः एका पाणबुड्याबरोबर जाऊन वीस जिवंत समुद्रकाकड्या आणल्या, स्वतः दळल्या, अर्क काढला, आणि गुठळीच्या थरावर थेंब ठेवला. थर विरघळून स्वच्छ वर्तुळ पडायला हवं. पडलं ते इतकं अंधुक, की भिंगातून बघावं लागलं.

"धाकटीच्या बशीत रुपयाएवढं वर्तुळ पडतं आणि माझ्या बशीत मोहरीएवढं," तो म्हणाला. "सर म्हणाले, तुझा हात जड आहे. मी म्हटलं असेल. पण पाहुणे आले की कळेल कोणाचा हात जड आहे ते."

"म्हणजे पाहुणे यावेत असं तुला वाटत होतं."

"मीच त्यांना पत्र घातलं होतं बाई, या म्हणून."

बाईंनी मनाशी हिशेब केला. ज्याने पाहुण्यांना बोलावलं, तो त्यांच्या ताटातलं कशाला सांडेल. एक नाव कमी झालं, पण उरलेली तीन नावं त्यांना त्याहून नकोशी वाटत होती. मग त्यांनी कामाची वाटणी विचारली. ती वर्षानुवर्षं ठरलेली होती. काका किनाऱ्यावर जाऊन जनावरं आणायचे, पिशव्या भरायचे, लागतील तशा काढून द्रव नायट्रोजनमध्ये दळून पांढरी भुकटी करायचे. भुकटीची बरणी धाकटीच्या हातात पडायची. पुढचं सगळं तिचं.

"म्हणजे भुकटीच्या आधीचं जनावर तिने बघितलंच नाही?"

"पहिल्या वर्षी बघितलं. एकीने तिच्या हातावर आतडी टाकली आणि ही दोन दिवस जेवली नाही. तेव्हापासून काका तिला जवळ येऊ देत नाहीत. माया फार त्यांची हिच्यावर."

४

मंगळवारी सकाळी बाईंनी हातमोजे चढवले आणि पिशव्या एकेक करून कापल्या. चौसष्टच्या चौसष्ट. कोणी मदतीला थांबलं नाही, आणि त्यांनाही कोणी नको होतं. पहिल्या पंचेचाळीस पिशव्यांमध्ये अपेक्षित तेच होतं. कातडी, मांस, आतडी यांचा मिळून एक ओघळ, त्यात थोडी वाळू. पिशवी उलटी केली की सगळं एकदम बादलीत पडायचं आणि त्याचा आवाज ऐकून घशाशी यायचं. दोनदा बाईंना खिडकीशी जावं लागलं.

शेवटच्या एकोणीस पिशव्या नंतरच्या वर्षांच्या होत्या. मोठी वर्तुळं ज्यांनी दिली त्याच या. त्यांनाही वास होता, कुजक्या रबरासारखा जड वास. पण आतली जनावरं शाबूत होती. किंचित वाकडी झालेली, आखडलेली, कातडी जशीच्या तशी. बोटाने दाबली तर बोट मागे ढकलत होती. एकीचंही आतडं पिशवीत नव्हतं.

बाई बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसल्या. एकच फ्रीजर, तेच अडीच दिवस, तोच उकाडा, आणि पंचेचाळीस पिशव्या विरघळल्या तर एकोणीस नाहीत. त्यांना कारण सुचलं नाही.

तेवढ्यात सर स्वतः आले. रुमालात नाक, आणि दुसऱ्या हातात निळ्या झाकणाची एक पेटी.

"हे बघा, कॉरिडॉरच्या टोकाच्या छोट्या फ्रीजरमध्ये सापडली," ते म्हणाले. "धाकटीच्या शुद्ध प्रथिनाच्या नळ्या. शुक्रवारी दुपारपर्यंत ही पेटी मोठ्या फ्रीजरमध्ये होती, मी स्वतः पाहिलीय. सगळं नासलं आणि हिची पेटी मात्र सुखरूप. आता याला निष्काळजीपणा म्हणायचं का, तुम्हीच सांगा. हे ठरवून केलेलं आहे."

दारात धाकटी उभी होती. तिने पेटीकडे बघितलं. ही पेटी तिने हलवली नव्हती, असं ती म्हणाली. ते कोणालाही खरं वाटण्यासारखं नव्हतं. काका तिच्या मागेच होते. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मान खाली घातली.

५

बाईंची बहीण, ताई, त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी. दोघी निवृत्तीनंतर एकत्र राहत होत्या आणि एकमेकींच्या चुका काढण्यात त्यांचा दिवस मजेत जाई. संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा ताईने त्यांना दारातच अडवलं. आधी आंघोळ, मग घर. कपडे पिशवीत बांधून बाल्कनीत ठेव, आणि ती पिशवी माझ्या झाडांपासून लांब ठेव.

आंघोळ करून, केसांना दोनदा साबण लावून बाई जेवायला बसल्या. ताईने फ्रिजच्या तळाशी हात घातला आणि एक वाटी काढून नाक मुरडलं.

"हे अंडं तू कधीचं उकडून ठेवलंयस गं? वास बघ. आणि दिसायला अजून कसं टवटवीत. कच्चं असतं तर सगळा फ्रिज पाणी पाणी झाला असता."

बाईंनी हातातला चमचा खाली ठेवला.

"ताई, परत सांग."

"काय परत सांगू? नासकं अंडं आहे. उकडलेलं नासलं तरी अंडंच राहतं, फेकून दे."

बाईंनी ते फेकलं नाही. त्यांनी ते अर्धं कापलं, वास घेतला, आणि ताईच्या आरडाओरड्याकडे दुर्लक्ष करून दोन्ही अर्ध्यांकडे बघत बसल्या. समुद्रकाकडी विरघळते ती तिच्या स्वतःच्या पाचकरसांनी, आणि पाचकरस हीही प्रथिनंच. उकळली की ती अंड्यासारखी थिजतात, मरतात. मग ते जनावर सडेल, वास मारेल, पण विरघळणार नाही. त्या एकोणीस पिशव्यांमधली जनावरं उकडलेली होती. पोट चिरून, आतडी काढून, उकळून विकतात तसली, व्यापाऱ्याच्या गोदामातली.

आणि उकडलेल्या जनावरात जिवंत प्रथिन सापडणं शक्यच नव्हतं. मग तीन वर्षं रुपयाएवढी वर्तुळं पाडणारी ती सोज्वळ रेघ आली कुठून?

६

बुधवारी सकाळी बाईंनी दोन कामं केली. पहिलं टेलिफोनचं. घटकांचा क्रम काढणाऱ्या बाहेरच्या प्रयोगशाळेत त्यांचा एक जुना विद्यार्थी प्रमुख होता. तो म्हणाला, बाई, तो अहवाल आम्ही चौदा महिन्यांपूर्वी पाठवलाय, आणि खात्रीसाठी दुसऱ्यांदा करून परत पाठवलाय. ते समुद्रातलं काही नव्हतंच. डुकराच्या स्वादुपिंडातलं साधं पाचक एन्झाइम होतं, बाटलीतून विकत मिळतं ते.

ती बाटली कुठे असते हे बाईंना माहीत होतं. शेजारच्या खोलीत पेशी वाढवतात, तिथे बशीला चिकटलेल्या पेशी सुट्या करायला ती रोज लागते. त्याच खोलीच्या बरण्याही काकाच धुतात.

दुसरं काम कॉरिडॉरच्या टोकाला होतं. छोट्या फ्रीजरच्या दारावर एक पुठ्ठ्याचं कार्ड टांगलेलं असे, दोऱ्याला शिसपेन्सिल बांधलेली. कोणतीही पेटी आत आली, बाहेर गेली, की कार्डावर नोंद करायची. पेटी कोणती, खण, वार, वेळ, सही. ही पद्धत बाईंनीच तीस वर्षांपूर्वी पाडली होती. शाई दहिवराने पसरते म्हणून पेन्सिल. कार्डावर सगळ्यांचा इतका विश्वास, की पेटी समोर दिसल्यावर ते वाचायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं.

शेवटची ओळ नीटस, गोल अक्षरात होती. या इमारतीतल्या प्रत्येक बरणीवर तेच अक्षर होतं. निळी पेटी, दुसरा खण, शुक्रवार, सहा वाजता. सही नव्हती; या अक्षराला ती कधी लागलीच नव्हती.

बाईंनी वेळा जुळवून बघितल्या. सव्वापाचला किल्ली परत गेली होती. सहा वाजता मोठा फ्रीजर उघडायला वहीत सही न लागणारी किल्ली हवी, आणि ती एकाच माणसाच्या कमरेच्या जुडग्यात होती. त्या माणसाने सगळं ठरवून केलं होतं. फक्त पेटी हलवल्यावर हात आपोआप पेन्सिलीकडे गेला, कारण तीस वर्षांत तो गेला नाही असं एकदाही घडलं नव्हतं.

काका धुण्याच्या खोलीत बरण्या विसळत होते. बाईंनी कार्ड त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"लिहिलं होय मी?" ते म्हणाले. "मला आठवतसुद्धा नाही."

मग ते स्टुलावर बसले आणि सांगत गेले. पहिलं वर्ष ठीक गेलं. दुसऱ्या वर्षी किनाऱ्यावर ताजी जनावरं मिळेनात, पहिल्या वर्षीच्या उरलेल्या पिशव्या राखून ठेवायचा सरांचा हुकूम होता, आणि व्यापाऱ्याकडे उकडलेली होती. शिवाय त्यांना स्वतःला आता त्या जनावरांची शिसारी बसली होती. हातावर सगळं ओकतात, वास नखांतून जात नाही, घरी बायको शेजारी बसू देत नाही. दळल्यावर भुकटी सारखीच दिसते, म्हणून त्यांनी उकडलेली आणली. अर्थात अर्कात काही निघेना. पोर रोज रिकाम्या बशा बघायची आणि याच खोलीत येऊन, नळ सोडून, रडायची. एके दिवशी त्यांना ते बघवलं नाही. चिमूटभर एन्झाइम त्यांनी बरणीत टाकलं. दुसऱ्या दिवशी ती नाचत आली आणि त्यांच्या पाया पडली.

"एकदाच टाकणार होतो बाई. पण मग पुढच्या बरणीत निघालं नसतं तर तिच्यावर आलं असतं. मग टाकतच गेलो. मग पाहुणे यायचे ठरले. ते पिशवी उघडतील आणि बघतील, उकडलेलं. म्हटलं, कडी सैल आहे, मी तीनदा लेखी तक्रार दिलीय, कडीवर जाईल सगळं. तिच्या नळ्या तेवढ्या वाचाव्यात."

"कडीवर गेलं नाही. तिच्यावर गेलं."

"मी सांगणार होतो. तसं काही झालं असतं तर सांगितलंच असतं."

"तसं सोमवारी दहा वाजता झालं, काका," बाई म्हणाल्या. "तुम्ही तिला चहा दिलात."

चौसष्ट पिशव्या उपसताना बाईंना इतकी किळस आली नव्हती. त्या पिशव्यांमध्ये जे होतं ते निदान नासलेलं दिसत होतं.

७

गुरुवारी दुपारी पाहुणे खालच्या सभागृहात बसले होते. वर सरांच्या खोलीत बाई, सर, काका आणि धाकटी. बाईंनी सगळं मांडलं. एकोणीस पिशव्या, अंडं, कार्ड, आणि चौदा महिन्यांपूर्वीचा तो अहवाल. अहवालाचं नाव निघताच सरांनी टेबलाच्या खालच्या खणाकडे नजर टाकली आणि लगेच काढून घेतली.

"मला ती बाहेरच्या प्रयोगशाळेची चूक वाटली," ते म्हणाले.

"दोन्ही वेळा?"

सर पुढे झुकले आणि अगदी मऊ आवाजात बोलू लागले. कोणाचं वाईट व्हावं असं कोणालाच वाटत नाही. कडी सैल होती, तक्रारी फायलीत आहेत. अहवालात कडीच लिहूया. मुलगी निर्दोष सुटते, दोन महिन्यांत तिला पदवी मिळते. काकांची सेवा सुखाने संपते. नमुना नष्ट झालाय, तेव्हा पाहुणे परत जातील, आणि प्रथिनाचा विषय हळूहळू मागे पडेल. कोणाला काय त्रास?

ते बोलत होते आणि बाईंना खोलीत सोमवारचा वास यायला लागला. खिडक्या उघड्या होत्या, फरशी तीनदा धुतली होती, तरी येत होता. त्यांनी सरांना उत्तर दिलं नाही. त्या धाकटीकडे वळल्या. कडीचा अहवाल त्या लिहिणार नव्हत्या, हे त्यांचं ठरलेलं होतं. पण त्याची सगळ्यांत मोठी किंमत या मुलीला मोजायची होती, आणि तिला विचारल्याशिवाय खाली जाणं त्यांना बरं वाटत नव्हतं.

धाकटी रडत नव्हती. ती काकांकडे बघत होती.

"बाई, त्या रेघेत माझं काहीच नाही?" तिने विचारलं.

"नाही. पहिल्या वर्षीची अंधुक वर्तुळं खरी होती. ती तुझी. थोरल्यालाही तसलीच मिळाली, मोहरीएवढी. तेवढंच त्या जनावरात आहे, असेल तर."

"आणि ती जनावरं?"

"ती पंचेचाळीस पिशव्यांतली. ती विरघळली."

काकांनी तोंडावरून हात फिरवला. "तुझ्यासाठीच केलं गं पोरी. तुझं रडणं बघवेना."

धाकटी बोलली तेव्हा तिचा आवाज चढला नव्हता.

"काका, मी रडत होते तेव्हा तुम्ही एवढंच म्हणायचं होतं, आज काही आलं नाही, उद्या बघू. मी पुसले असते डोळे."

ती उठली आणि बाहेर गेली. सर तिला थांब म्हणाले, पण ती थांबली नाही. बाई तिच्यामागून कॉरिडॉरमध्ये आल्या, आणि थोडं अंतर ठेवून काकाही. धाकटीने छोट्या फ्रीजरमधून निळी पेटी काढली. ती खाली पाहुण्यांकडे नेणार, त्यांच्यासमोर सगळं सांगणार, आणि पेटीत काय आहे तेही त्यांनाच तपासायला सांगणार, असं तिने बाईंना सांगितलं. पदवीचं काय, ते तिने विचारलं नाही. बाईंनी हो म्हटलं. सहा वर्षं गेली, हे दोघींनाही माहीत होतं.

पेटी काखेत धरून ती दोन पावलं गेली आणि थबकली. मग परत वळली. दोऱ्याला लोंबणारी पेन्सिल हातात घेतली आणि गोल अक्षरातल्या त्या ओळीखाली लिहिलं, निळी पेटी, दुसरा खण, बाहेर नेली, गुरुवार, तीन वाजून दहा मिनिटं. काका भिंतीशी उभे राहून बघत होते. हे लिहायला त्यांनीच तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. धाकटीने पेन्सिल सोडण्याआधी ओळीच्या शेवटी सही केली आणि ती जिना उतरून गेली.